ब्लॅडर पेन आणि शरीरसंबंध: पैसे कुठे घालावेत, कुठे नाही

वारंवार उन्हाळी लागते, दर अर्ध्या-पाऊण तासाला लघवीला जावं लागतं, ब्लॅडर भरत आलं की ओटीपोटात कळ येते आणि लघवी झाली की थोडा वेळ बरं वाटतं. युरिन कल्चरचा रिपोर्ट मात्र दर वेळी 'नो ग्रोथ'. असं ६ आठवड्यांहून जास्त चाललं असेल आणि जंतुसंसर्ग किंवा दुसरं कारण सापडत नसेल, तर त्याला ब्लॅडर पेन सिंड्रोम म्हणतात. जुनं नाव इंटरस्टिशियल सिस्टायटिस, डॉक्टरांच्या बोलण्यात नुसतं 'आयसी'. या दुखण्यावरचं बहुतेक लिखाण लघवीपाशीच थांबतं. नवरा-बायकोत त्यामुळे काय होतं, हे ओपीडीत सहसा कुणी विचारत नाही आणि पेशंटही सांगत नाही. म्हणून हा रिव्ह्यू फक्त त्या प्रश्नावर आहे: संबंधाच्या वेळचं आणि दुसऱ्या दिवशीचं दुखणं कमी करायला दुकानात आणि दवाखान्यात जे मिळतं, त्यातलं कामाचं काय?

निकाल आधीच सांगून टाकतो. या दुखण्यात जवळीक परत मिळवून देण्याचं मोठं काम ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल करणारी फिजिओथेरपी करते. त्यानंतर नंबर लागतो वेळ साधून ब्लॅडरमध्ये सोडलेल्या औषधाचा आणि नीट पारखून घेतलेल्या जेलचा. गोळ्या त्याच्याही मागे. आपल्याकडे क्रम बरोबर उलटा लागतो: आधी अँटिबायोटिकचे कोर्सवर कोर्स, मग महागड्या कॅप्सूल, मग 'टेन्शन घेऊ नका'. फिजिओचं नाव निघेपर्यंत इतका काळ गेलेला असतो की दोघं वेगळी झोपायला लागलेली असतात.

या क्रमाला एक मोठा अपवाद आहे, हन्नर लीजनचा, म्हणजे ब्लॅडरच्या आतल्या चट्ट्यांचा. तो पुढे येईल, आणि तो कुणी नजरेआड करू नये.

दुखतं नेमकं कशानं

मूत्राशय योनीमार्गाच्या पुढच्या भिंतीला अगदी लागून असतं. मूत्रनलिका तर त्या भिंतीतच बसवल्यासारखी असते. त्यामुळे संबंधाच्या वेळी प्रत्येक हालचालीला ब्लॅडरचा तळ दाबला जातो, घासला जातो. ज्या ब्लॅडरला १५० मिलिलिटर लघवीही सहन होत नाही, त्याला हे कसं सोसावं?

पण नुसतं एवढंच असतं तर ब्लॅडर रिकामं करून काम भागलं असतं. भागत नाही, कारण महिनोन्‌महिने कळ दाबून, लघवी धरून, दुखणं सोसून जघनाच्या हाडापासून माकडहाडापर्यंत झोळीसारखे पसरलेले स्नायू आवळून बसलेले असतात. त्यांत दुखऱ्या गाठी धरतात. स्पर्श व्हायच्या आधीच शरीर दचकतं आणि दार मिटून घेतं. बाई मनानं तयार असते, शरीर नसतं. नवऱ्याला वाटतं हिला नकोच आहे. पातळ भिंतींच्या दोन खोल्यांत सासू-सासरे आणि मुलं असतील, तर घाईगडबडीचा ताण वेगळा, आणि घाईत हे स्नायू आणखी आवळतात.

त्यात दुसऱ्या दिवशीचा भडका. संबंधानंतर काही तासांत जळजळ आणि घाई वाढते आणि एक-दोन, कधी तीन दिवस टिकते. 'एक रात्र म्हणजे पुढचे दोन दिवस वाया' असा हिशेब डोक्यात बसला की इच्छा मरते, तिला दोष देण्यात अर्थ नाही.

पुरुषांनाही हे होतं. वीर्यस्खलनाच्या वेळी किंवा नंतर शिश्नाच्या टोकाशी, वृषणांच्या मागे, ओटीपोटात दुखतं. त्यांच्या फाइलवर बहुधा 'प्रोस्टेटायटिस' (प्रोस्टेट ग्रंथीची सूज) लिहिलेलं असतं आणि त्याच नावाखाली अँटिबायोटिक चालू राहतात.

एक गोष्ट दोघांनीही पक्की लक्षात ठेवावी: हा संसर्ग नाही. जोडीदाराकडून लागत नाही, जोडीदाराला होत नाही. दोघांना एकदम अँटिबायोटिक देण्याचं कारण नाही.

खर्चाला लागण्याआधी

आयसी हे इतर सगळं बाजूला सारून करायचं निदान आहे. भारतात त्यात पहिलं नाव टीबीचं. लघवीत पू-पेशी दिसतात आणि साध्या कल्चरमध्ये काही उगवत नाही, असं असेल तर लघवीची टीबीची तपासणी करून घ्या. मूत्राशयाचा टीबी अगदी असाच दिसतो आणि उशीर झाला तर ब्लॅडर आक्रसतं. लघवीत रक्त, तंबाखू-सिगारेटची सवय, वय ५० च्या पुढे, यांपैकी काही असेल तर सिस्टोस्कोपी (दुर्बिणीनं ब्लॅडर आतून बघणं) टाळू नका. मूत्रवाहिनीच्या खालच्या टोकाला अडकलेला खडा, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढणं), पाळी गेल्यावरचा योनीमार्गाचा कोरडेपणा, हर्पिस हेही बघितलं जायला हवं. कोरडेपणा असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं इस्ट्रिऑलचं क्रीम दोन आठवडे रोज रात्री आणि मग आठवड्यातून दोनदा, एवढ्यानंही पुष्कळ फरक पडतो. आधी कर्करोग होऊन गेला असेल तर तो इतिहास न विसरता सांगावा.

पेल्विक फ्लोअर फिजिओथेरपी: १० पैकी ९

ही सेवा सगळ्यात वर ठेवण्याचं कारण पुराव्यात आहे. उत्तर अमेरिकेतल्या ११ केंद्रांत ८१ बायकांवर झालेला आणि २०१२ साली छापून आलेला अभ्यास आहे. एका गटाला आठवड्यातून एकदा, तासाभराची, दहा सेशन्स ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची हातानं केलेली फिजिओथेरपी दिली. दुसऱ्या गटाला तेवढाच वेळ साधा सर्वांगाचा मसाज. पहिल्या गटात ५९ टक्के बायकांना बऱ्यापैकी किंवा चांगलाच उतार पडला, मसाजच्या गटात २६ टक्क्यांना. या दुखण्यातल्या फार थोड्या उपचारांना एवढा स्वच्छ फरक दाखवता आला आहे.

चांगलं सेशन कसं असतं? पहिल्या भेटीला टेबलावर झोपवण्याआधी अर्धा तास नुसतं बोलणं होतं. तीन दिवसांची लघवीची डायरी मागतात: वेळ, मोजपात्रात किती मिलिलिटर, दुखणं ० ते १० मध्ये किती. मग बाहेरून तपासणी: पोट, मांडीचा आतला भाग, कुल्हे. शेवटी, आणि तुमची संमती वेगळी विचारून, आतली तपासणी. हातमोजा, भरपूर जेल, एकच बोट. घड्याळाची तबकडी डोळ्यांपुढे आणा: १२ वर जघनाचं हाड, ६ वर गुदद्वार. थेरपिस्ट ३ ते ५ आणि ७ ते ९ या भागात हळूहळू दाबत जाते. मग ती गुडघा बाहेरच्या बाजूला ढकलायला सांगते आणि दुसऱ्या हातानं अडवून धरते. त्या क्षणी कडेचा एक स्नायू बोटाखाली फुगतो. त्याच्यावर दाब दिला की पुष्कळ बायका म्हणतात, 'हीच ती कळ, लघवीला लागल्यासारखी.' ब्लॅडरला कुणी हातही लावलेला नसतो. जे दुखणं ब्लॅडरचं म्हणून धरलं होतं त्यातला मोठा हिस्सा स्नायूचा आहे, हे पेशंटला तिथेच कळतं. मग त्या गाठीवर सोसेल इतकाच दाब ३० ते ९० सेकंद धरतात, गाठ सैल झाल्याचं बोटाला जाणवतं आणि पुढच्या जागेकडे जातात. पुरुषांमध्ये हेच काम गुदद्वारातून होतं.

दोन-तीन सेशननंतर एक-दोन दिवस दुखणं वाढू शकतं. ते अपेक्षित आहे. पण चार-पाच सेशन झाली, दर वेळी दोन दिवसांहून जास्त भडका उडतो आणि उतार काहीच नाही, तर दाब जास्त होतोय किंवा निदान चुकलंय. थांबून विचारा.

आता या सेवेत बिघडतं काय ते. मोठी आणि सतत होणारी चूक म्हणजे केगल. 'पेल्विक फ्लोअर' म्हटलं की स्नायू आवळायचे व्यायाम, असं समीकरण झालं आहे. शिंकताना लघवी सुटत असेल तर ते ठीक. इथे स्नायू आधीच आवळलेले आहेत. त्यांना आणखी आवळायला लावणं म्हणजे पेटका आलेल्या पोटरीला उड्या मारायला सांगणं. अमेरिकन युरोलॉजिकल असोसिएशनची मार्गदर्शक तत्त्वंही या दुखण्यात बळकटीचे व्यायाम टाळा असंच सांगतात. योगाच्या वर्गात अश्विनी मुद्रा आणि मूलबंध करत असाल तर तेही केगलच आहेत. दुखणं बसेपर्यंत बंद ठेवा.

दुसरी गडबड मशीनची. ओटीपोटावर आयएफटीचे (विजेच्या सौम्य लहरी देणाऱ्या मशीनचे) पॅड लावून वीस मिनिटं पडून राहा, झालं सेशन, असा प्रकार असेल तर ती ही सेवा नव्हे. योनीमार्गात बसवायचा, विजेच्या झटक्यांनी स्नायू आकुंचन पावायला लावणारा प्रोब तर इथे उलटाच. म्हणून फोनवर अपॉइंटमेंट घेतानाच विचारा: आतून हातानं तपासणी आणि उपचार होतो का, सेशन एकटीचं असतं की हॉलमध्ये पडदा ओढून, किती मिनिटांचं, केगल देता की स्नायू सैल करायला शिकवता, सोबत कुणाला बसवता येईल का. दार बंद होणारी खोली आणि ४५ ते ६० मिनिटं ही किमान अपेक्षा. आतली तपासणी नको वाटली तर 'नाही' म्हणायचा हक्क दर सेशनला आहे. चांगली थेरपिस्ट बाहेरूनच काम सुरू करते.

तो एक गुण कापला आहे तो मिळण्याच्या अडचणीमुळे. मुंबई-पुण्यात अशा थेरपिस्ट मिळतात, तालुक्याच्या गावी अवघड. ऑनलाइन सेशनमध्ये श्वास, ताण काढायचे व्यायाम आणि डायरी शिकता येते. गाठी काढणं नाही.

घरचा भाग रोज दहा-पंधरा मिनिटांचा आहे. पाठीवर झोपून गुडघे वाकवा, एक हात पोटावर. श्वास घेताना पोट वर यावं आणि खालचा भाग फुलाच्या कळीसारखा उमलतोय असं सोडा. असे दहा श्वास. मग बालासन, मग भिंतीला पाठ टेकून उकिडवं बसणं, टाचा टेकलेल्या, एक-दोन मिनिटं. बद्धकोष्ठता असेल तर आधी तिचा बंदोबस्त करा. रोज कुंथलं तर सैल केलेले स्नायू पुन्हा आवळतात.

पेल्विक व्हाँड: १० पैकी ७

इंग्रजी एस अक्षरासारखी वळलेली कांडी. थेरपिस्टनं दाखवलेल्या जागा घरी दाबायला. फिजिओ लांब असेल तर हिची किंमत वसूल होते, पण किमान दोन सेशन झाल्याशिवाय घेऊ नका. जागा माहीत नसताना दाबलं तर नुसतं खरचटणं पदरी पडतं.

घेताना अंगठ्याचं नख तिच्या कडेवरून फिरवा. साच्याचा जोड नखाला अडकला तर परत करा, तो आत टोचतो. चिकट लागणारी, प्लॅस्टिकचा वास मारणारी जेलीसारखी कांडी घेऊ नका, तिच्या छिद्रांत घाण राहते आणि ती नीट स्वच्छ होत नाही. मेडिकल ग्रेड सिलिकॉन किंवा कडक अ‍ॅक्रिलिक चालतं. सिलिकॉन पाण्यात उकळता येतं, अ‍ॅक्रिलिक उकळू नका, सौम्य साबणानं धुवा. सिलिकॉनच्या वस्तूला सिलिकॉनचं जेल लावलं तर पृष्ठभाग खराब होतो, पाण्याचंच वापरा. व्हायब्रेशनसाठी जास्त पैसे मोजायची गरज नाही.

वापर आठवड्यातून तीनदा, पाच ते दहा मिनिटं. तबकडीचा १२ चा भाग पूर्ण टाळा, तिथे मूत्रनलिका आहे. पिकलेला टोमॅटो दाबून बघतो तेवढाच जोर. दुखणं १० पैकी ३-४ च्या वर गेलं की दाब कमी करा. लघवीचा किंवा योनीमार्गाचा संसर्ग असताना, गरोदरपणात, नुकती शस्त्रक्रिया झाली असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

डायलेटरचे संच वेगळे. आत शिरतानाच, दाराशीच दुखत असेल आणि भीती बसली असेल तर ते उपयोगी: सगळ्यात बारका आधी, दहा मिनिटं न दुखता राहिला की पुढचा. खोलवरच्या गाठींना ते पोचत नाहीत. दोन्ही प्रकारचं दुखणं असेल तर आधी व्हाँड, डायलेटर मागून.

जेल: ट्यूब उलटी करून वाचा

या विभागात पैसे थोडे लागतात आणि चुका खूप होतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१२ साली वंगण-जेलबद्दल जे सांगितलं ते साधं आहे: त्याची ऑस्मोलॅलिटी (त्यात विरघळलेल्या कणांचं प्रमाण) शक्यतो ३८० च्या आत असावी, १२०० च्या वर तर नकोच, योनीमार्गासाठी पीएच साधारण ४.५. आपल्या रक्ताची ऑस्मोलॅलिटी २९० च्या आसपास असते. जेल त्याहून फार दाट असेल तर ते पेशींतलं पाणी ओढून घेतं, नाजूक त्वचेचा वरचा थर सुटतो आणि दुसऱ्या दिवशी जळजळ होते. ती जळजळ 'पुन्हा इन्फेक्शन' समजली जाते आणि पुन्हा अँटिबायोटिक सुरू होतं.

आपल्याकडच्या ट्यूबांवर हा आकडा सहसा छापलेला नसतो. मग घटकांची यादी वाचायची. ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल पहिल्या दोन-तीन नावांत असेल तर ठेवून द्या. क्लोरहेक्सिडिन, मेंथॉल, 'वॉर्मिंग', स्ट्रॉबेरी-चॉकलेटचा स्वाद, सुगंध असलेलं काहीच नको. शुक्राणुनाशक लावलेले काँडोमही टाळा, त्यातलं नॉनॉक्सिनॉल-९ दाह करतं. साध्या सिलिकॉनच्या जेलमध्ये पाणीच नसल्यामुळे ओढाताणीचा प्रश्न येत नाही आणि ते वाळतही नाही. या दुखण्यात आमची पहिली पसंती तीच. खोबरेल तेल पुष्कळांना सोसतं आणि घरात असतं, पण लॅटेक्सचा काँडोम तेलानं कमकुवत होऊन फाटतो, हे विसरू नका. कोरफडीचं चेहऱ्याला लावायचं जेल इथे अजिबात नाही.

नवीन ट्यूब आणली की आदल्या दिवशी वाटाण्याएवढं बाहेरच्या नाजूक त्वचेला लावून बघा. वापरताना निदान एक चमचाभर, दोघांनाही, आणि मध्येच पुन्हा. मूल हवं असेल तर आणखी एक गोष्ट: बहुतेक जेलनं शुक्राणूंची हालचाल मंदावते. त्यासाठी गर्भधारणेला चालणारी म्हणून वेगळी जेल मिळतात, तीच घ्या. आणि बीजांडाचे दोन-तीन दिवस गाठून बाकी महिना शरीराला आराम द्या. तेवढंही जमत नसेल तर गायनॅककडे आययूआयबद्दल (वीर्य थेट गर्भाशयात सोडणं) मोकळेपणानं विचारा. बाळासाठी दर महिन्याला यातना सोसायचं कारण नाही.

२ टक्के लिग्नोकेन जेली हा दुसरा स्वस्त आधार. योनीमार्गाच्या तोंडाशी बोटाच्या पेराएवढी लावून दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि ओल्या कापडानं पुसून घ्या. पुसलं नाही तर जोडीदारालाही बधिरपणा येतो. लावल्यावर पहिला मिनिटभर चुरचुरतं, मग शांत होतं. बधिर झालंय म्हणून जोर वाढवू नका. तोंडाशी दुखणाऱ्यांनाच याचा फायदा. ब्लॅडरच्या तळापर्यंत ते पोचत नाही. तिथे पुढचा उपाय.

वेळ साधून घेतलेलं इन्स्टिलेशन: १० पैकी ८

बारीक कॅथेटरनं ब्लॅडर रिकामं करून त्यात औषध सोडायचं, अर्धा तास धरायचं आणि लघवीवाटे काढून टाकायचं. प्रचलित मिश्रण असं: २ टक्के लिग्नोकेन ८ मिलिलिटर, ८.४ टक्के सोडाबायकार्ब ३ मिलिलिटर आणि हेपारिन ४०,००० युनिटपर्यंत. सोडा कशासाठी? लिग्नोकेन आम्ल लघवीत विद्युतभारित होतं आणि भिंतीतून आत शिरत नाही. सोड्यानं ते भाररहित होतं आणि मज्जातंतूंपर्यंत पोचतं. सोडा वगळला तर उपचार जवळजवळ फुकट जातो. सोडा जास्त झाला तर मिश्रण गढूळ होतं. गढूळ झालेलं वापरायचं नाही. आपल्याकडे सोडाबायकार्ब बऱ्याचदा ७.५ टक्क्यांचं मिळतं आणि हेपारिनच्या ५ मिलिलिटरच्या बाटल्या दोन तीव्रतांत येतात, एका मिलिलिटरला १००० किंवा ५००० युनिट. दिसायला सारख्याच. मिश्रण करणाऱ्यानं लेबल मोठ्यानं वाचावं.

हे इथे घेण्याचं कारण म्हणजे याचा परिणाम लगेच सुरू होतो आणि संबंधाच्या वेळचं दुखणं त्यानं कमी झाल्याचं अभ्यासात दिसलं आहे. म्हणजे आठवड्यातली वेळ ठरवता येते: दुपारी इन्स्टिलेशन, रात्र तुमची. बहुतेक ठिकाणी आठवड्यातून एक ते तीन, असे काही आठवडे देतात. युरोलॉजिस्ट तयार असतील तर स्वतः कॅथेटर घालायला शिकता येतं. शिकल्याशिवाय घरी प्रयोग नकोत. आधीचे दोन तास पाणी कमी प्या, नाहीतर नवीन लघवीनं औषध पातळ होतं. त्या दिवशी लघवी तपासलेली असावी, संसर्गात कॅथेटर घालायचा नाही. लिग्नोकेनची अ‍ॅलर्जी, रक्त पातळ होण्याची औषधं किंवा हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल तर आधी सांगा. कॅथेटर घालण्यापूर्वी जेली लावून पाच मिनिटं थांबणारा दवाखाना निवडा. मूत्रनलिका आधीच हुळहुळी असते, ती पाच मिनिटं फार मोलाची आहेत.

डीएमएसओ हे जुनं औषध, अमेरिकेत १९७८ पासून मान्य. ५० टक्के द्राव, ५० मिलिलिटर, पंधरा मिनिटं, दर दोन आठवड्यांनी. उपयोग होतो, पण श्वासाला आणि त्वचेला लसणीसारखा वास येतो आणि तो तीन दिवसांपर्यंत राहू शकतो. सुरुवातीला दुखणं वाढतंही. जवळिकीचा बेत असलेल्या आठवड्यात ते घेऊ नये, एवढं साधं गणित पेशंटला आधी सांगितलं जात नाही. हायल्युरॉनिक अ‍ॅसिडचं इन्स्टिलेशन सौम्य आणि महाग. काहींना लागू पडतं, पण लगेचचा आराम त्यात नाही.

गोळ्या

अ‍ॅमिट्रिप्टिलिन (मूळची नैराश्यावरची गोळी) रात्री १० मिलिग्रॅमपासून सुरू करून हळूहळू वाढवतात. झोप आणि दुखणं दोन्ही सुधारतं, फरक कळायला चार-सहा आठवडे द्यावे लागतात. तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठता होते, आणि इच्छा किंवा कामपूर्ती मंदावू शकते. हा शेवटचा परिणाम कुणी सांगत नाही आणि बाई स्वतःलाच दोष देत बसते. तसं झालं तर डॉक्टरांना सांगा, डोस कमी करता येतो. स्वतः एकदम बंद करू नका.

पेंटोसन, म्हणजे ब्लॅडरच्या आतल्या अस्तरासाठी दिली जाणारी कॅप्सूल, १०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, उपाशीपोटी. अमेरिकेत १९९६ ला मान्यता मिळाली, उपयोग मर्यादित आणि सावकाश. २०१८ पासून दीर्घ वापरात डोळ्याच्या पडद्याला इजा झाल्याची प्रकरणं पुढे आली आणि २०२० साली तिथल्या लेबलवर इशारा छापला गेला. सुरू करताना पडद्याची तपासणी, मग सहा महिन्यांच्या आत पुन्हा, आणि नंतर ठरावीक काळानं. ही तपासणी न सांगता वर्षानुवर्षं लिहून दिलं जात असेल तर प्रश्न विचारा.

कल्चर निगेटिव्ह असताना लांबवलेल्या अँटिबायोटिकला शून्य गुण.

हन्नर लीजन

बाल्टिमोरच्या गाय हन्नर यांनी १९१५ मध्ये वर्णन केलेले हे ब्लॅडरमधले लालसर, रक्तस्राव होणारे चट्टे. थोड्याच पेशंटमध्ये असतात, पन्नाशीच्या पुढे जास्त. असतील तर वरचा सगळा क्रम बदला: भूल देऊन ते जाळणं किंवा त्यात ट्रायमसिनोलोन हे स्टेरॉइड टोचणं हा पहिला उपचार, आणि आराम कित्येक महिने टिकतो. पुन्हा आले तर पुन्हा करता येतं. त्यांना फिजिओवर ताटकळत ठेवणं अन्याय आहे. इतरांसाठी बोटॉक्स १०० युनिट किंवा माकडहाडाजवळच्या नसांना संदेश देणारं यंत्र हे पर्याय पुढचे आहेत. बोटॉक्सनंतर लघवी अडून काही काळ कॅथेटर लावावा लागू शकतो, हे आधी माहीत असावं.

त्या रात्रीची तयारी

फिजिओ सुरू झाल्यावर पहिले चार-सहा आठवडे आत शिरणं पूर्ण बाजूला ठेवा, दोघांनी ठरवून. जवळ येणं म्हणजे दुखणं, ही शरीराची गाठ सुटायला तेवढा वेळ लागतो. मिठी, स्पर्श, हातानं सुख देणं, सगळं चालू ठेवा.

नंतर सुरुवात करताना: त्या दिवशी दुपारपासून चहा-कॉफी, लिंबू, टोमॅटो, चिंच, कोकम सरबत, तिखट रस्सा, सोडा बंद. 'उन्हाळी लागली' म्हणून दिलेलं लिंबू सरबत आणि क्रॅनबेरी ज्यूस या दुखण्यात बहुतेकांना बाधतात. धने-जिऱ्याचं पाणी सहसा सोसतं. प्रत्येकाचं पथ्य वेगळं असतं, म्हणून एकेक पदार्थ आठवडाभर सोडून बघावा, सगळं एकदम सोडून उपास काढू नये. आधी लघवी करून या, दहा मिनिटं गरम पाण्यानं शेक, दहा श्वास. कुशीवर किंवा बाई वर, म्हणजे खोली आणि वेग तिच्या हातात. थांबायचा एक शब्द आधी ठरवा, आणि तो आला की खरोखर थांबा. थांबल्यावर नवऱ्यानं तोंड फिरवलं नाही, की पुढच्या वेळी स्नायू कमी आवळतात. शिश्नाच्या मुळाशी घालायच्या मऊ रिंगा खोलवर दुखणाऱ्यांना मदत करतात, पुढच्या भिंतीच्या घर्षणाला नाही.

झाल्यावर लघवीला जा, कोमट पाण्यानं नुसतं धुवा, साबण नको. फडक्यात गुंडाळलेला बर्फ किंवा गरम पाण्याची पिशवी, ज्यानं बरं वाटेल ते, दहा-पंधरा मिनिटं. दुसऱ्या दिवशी भडका उडालाच तर दोन दिवसांपुरती फेनाझोपिरिडिनची गोळी डॉक्टर देतात. लघवी केशरी होते, कपड्यांना डाग पडतात, आणि जी६पीडीची (लाल रक्तपेशींना जपणारं एन्झाइम) कमतरता असेल तर ती घ्यायची नाही. त्या गोळीच्या रंगानं लघवीच्या पट्टीचा रिपोर्ट चुकतो, म्हणून ताप, रक्त किंवा पाठीत कळ असेल तर गोळी घ्यायच्या आधी नमुना द्या: सुरुवातीची धार सोडून मधली, निर्जंतुक डबीत, दोन तासांच्या आत लॅबमध्ये, नाहीतर फ्रिजमध्ये. आणि अँटिबायोटिकची पहिली गोळी त्या नमुन्यानंतर.